कोड लिस्टसाठी लिब्रेऑफिस कॅल्क: सातबाऱ्याचा सात डिसेंबर न करणारं स्प्रेडशीट

जमिनीच्या मोजणीत प्रत्येक पॉइंटला तो काय आहे हे सांगणारा छोटा कोड देतात, आणि त्या कोडावरून ड्रॉइंगमधली त्याची लेयर (थर) आणि चिन्ह ठरतं. अशा दोन-अडीचशे कोडांची फाइल डेटा कंट्रोलरच्या, म्हणजे मोजणी यंत्राच्या हातातल्या संगणकाच्या, छोट्या पडद्यावर दुरुस्त करायची म्हणजे बोटांचे आणि डोळ्यांचे हाल. ऑफिसातल्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या कोड टेबलात तेच काम करायचं तर एकेक कोड उघडा, लेयर बदला, ओके दाबा, पुढचा उघडा. चाळीस कोडांची लेयर बदलायची असेल तर अर्धा दिवस गेला. म्हणून सगळे स्प्रेडशीटकडे वळतात, आणि वळावंच. फक्त कुठलं स्प्रेडशीट आणि ते कसं वापरायचं, यात बराच फरक पडतो. एवढ्या एकाच कामासाठी लिब्रेऑफिस कॅल्क कसं आहे ते इथे पाहू. एक्सेल आणि गूगल शीट्स तुलनेपुरते येतील. कॅल्क फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, पण त्याची शिफारस फुकट मिळतं म्हणून नाही. (सोयीसाठी कोड इथे देवनागरीत लिहिलेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमन कॅपिटलमध्ये असतात आणि तसेच असू द्यावेत.)

आधी फाइल ओळखा

स्प्रेडशीट सुरू करण्याआधी फाइल नोटपॅड++ (मजकूर जसाच्या तसा दाखवणारा एडिटर) मध्ये उघडून बघा. एका ओळीत एक कोड, मधे स्वल्पविराम किंवा टॅब, आणि प्रत्येक ओळीत तेवढेच रकाने दिसले तर ती फाइल स्प्रेडशीटमध्ये न्यायला हरकत नाही. कार्लसन सॉफ्टवेअरच्या फील्ड-टू-फिनिशची (कोडांवरून आपोआप ड्रॉइंग काढण्याची सोय) कोड फाइल एफएलडी नावाने असते, यंत्रांच्या कोड लिस्ट बऱ्याचदा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) किंवा टीएक्सटी असतात. विस्तार काहीही असो, आतली ओळ डोळ्यांनी वाचता आली पाहिजे.

टोकदार कंसांतले टॅग दिसले तर ती एक्सएमएल आहे. तिथेच थांबा. ट्रिम्बल या यंत्रांच्या कंपनीची एफएक्सएल ही अशीच फाइल. एका कोडाखाली गुणधर्म, त्या गुणधर्माखाली पर्यायांची यादी, अशी तिची एकात एक घडी असते. सपाट टेबलात ती घडी मोडते आणि परत घालता येत नाही. तिच्यासाठी ट्रिम्बल बिझनेस सेंटर या त्यांच्या ऑफिस सॉफ्टवेअरसोबतचा फीचर डेफिनिशन मॅनेजरच वापरायचा. सिव्हिल थ्रीडी या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा प्रकार आणखी वेगळा. तिथल्या डिस्क्रिप्शन की (कोडावरून चिन्ह आणि लेयर ठरवणाऱ्या नोंदी) ड्रॉइंगमध्ये किंवा टेम्प्लेटमध्ये राहतात. स्प्रेडशीट त्यांची नोंदवही म्हणून ठेवता येतं, पण ते थेट 'लोड' करण्याची फाइल नव्हे.

उघडताना: इथेच निम्मी वाट लागते

एक साधी ओळ घ्या:

०१२,बीएम,कंट्रोल,१.५०,७/१२,,

पहिला रकाना कोड, मग वर्णन, लेयर, चिन्हाचा आकार, शेरा, आणि शेवटी दोन रिकामे रकाने. ही फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडा, काही न बदलता सेव्ह करा आणि पुन्हा नोटपॅड++ मध्ये बघा. ०१२ चा १२ झालेला असतो, १.५० चा १.५, आणि विंडोजचं प्रादेशिक सेटिंग भारताचं असेल तर ७/१२ चा सात डिसेंबर. सेटिंग अमेरिकेचं राहून गेलं असेल तर बारा जुलै. गट-हिस्सा लिहिण्याची आपली पद्धतच तिरक्या रेघेची असल्यामुळे हा फटका महाराष्ट्रातल्या फायलींना जास्त बसतो. गट १२, हिस्सा ३ म्हणून १२/३ लिहिलं की झाली बारा मार्च.

तारखांचा रोग कोडांनाही लागतो. रस्त्याच्या मार्जिनला 'एमएआर१' आणि पुलाच्या डेकला 'डीईसी२' असे कोड दिले तर एक्सेलच्या लेखी ते मार्च आणि डिसेंबर. अंकांच्या मधोमध ई आला, जसं '२ई४', तर त्याचे वीस हजार होतात आणि शास्त्रीय पद्धतीने लिहून सेव्हही होतात. उणे किंवा अधिक चिन्हाने सुरू होणारा कोड सूत्र समजला जातो आणि रकान्यात नावाची चूक झळकते. हा त्रास फक्त मोजणीवाल्यांना होता असं नाही. जनुकांची नावं तारखा बनतात म्हणून २०२० मध्ये नामकरण समितीने ती नावंच बदलून टाकली. आपल्याला कोड बदलायची गरज नाही, फाइल नीट उघडली तरी पुरतं.

कॅल्क इथे उजवं ठरतं, कारण सीएसव्ही उघडताना ते आधी विचारतं. 'टेक्स्ट इम्पोर्ट' ही खिडकी समोर येते आणि पूर्ण भरल्याशिवाय फाइल उघडत नाही. काहींना ती कटकट वाटते. कोड फाइलसाठी तीच सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे. तिथे काय काय करायचं:

कॅरेक्टर सेट: युनिकोड यूटीएफ-८. खालच्या नमुन्यात मराठी वर्णन नीट दिसतंय ना, ते तिथल्या तिथे कळतं.

सेपरेटर: फाइलमध्ये जो आहे तेवढाच ठेवा. कॅल्क बऱ्याचदा टॅब, स्वल्पविराम आणि अर्धविराम असे तिन्ही टिक करून ठेवतं. वर्णनात कुठे अर्धविराम असेल तर त्या ओळीचे रकाने एक घर सरकतात. 'स्पेस' तर चुकूनही टिक नको, 'विजेचा खांब' दोन रकान्यांत फाटेल.

'मर्ज डिलिमिटर्स' काढा. हे राहिलं तर लागून आलेले दोन स्वल्पविराम एक धरले जातात, मधला रिकामा रकाना गायब होतो आणि त्यापुढचं सगळं डावीकडे सरकतं. ज्या कोडाला चिन्ह नाही, फक्त रेषा आहे, त्याच ओळी बिघडतात. बाकीच्या ठीक दिसतात, त्यामुळे लक्षातही येत नाही.

'डिटेक्ट स्पेशल नंबर्स' बंद. नव्या आवृत्तीत 'इव्हॅल्युएट फॉर्म्युलाज' दिसेल, तेही बंदच ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: खालच्या नमुन्यात पहिल्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक, मग शिफ्ट धरून शेवटच्या रकान्यावर क्लिक, आणि 'कॉलम टाइप' मध्ये 'टेक्स्ट'. हे विसरलात, रकाने 'स्टँडर्ड' राहिले, तर कॅल्कही पुढचं शून्य खातं. कॅल्क चांगलं आहे म्हणजे ते जादू करतं असं नाही, ते विचारतं एवढंच. आणि एकदा उडालेलं शून्य नंतर रकाना 'टेक्स्ट' करून परत येत नाही. फाइल बंद करून पुन्हा उघडावी लागते.

कॅल्कची एक खोड मात्र डोकं फिरवते. एफएलडी किंवा टीएक्सटी अशा नावाची फाइल सरळ उघडायला गेलात तर ती कॅल्कऐवजी रायटरमध्ये, म्हणजे लेखाच्या पानावर उघडते. नवखा माणूस इथेच वैतागून एक्सेलकडे परततो. उपाय दोन. 'ओपन' च्या खिडकीत फाइलचा प्रकार म्हणून यादीतून 'टेक्स्ट सीएसव्ही' निवडा, किंवा फाइलची प्रत काढून तिचा विस्तार सीएसव्ही करा. प्रत काढायचीच असते, त्यामुळे दुसरा मार्ग सोपा.

मधलं काम: यासाठीच तर स्प्रेडशीट

फाइल सुखरूप आत आली की कॅल्क आणि एक्सेल यांत फारसा फरक उरत नाही. दोन्ही मस्त. लेयरच्या रकान्यावर ऑटोफिल्टर लावा, 'रस्ता' निवडा, पस्तीस ओळी समोर. वरच्या ओळीत नवी लेयर लिहा, खालपर्यंत निवडून कंट्रोल-डी.

इथे हात सांभाळा. कोपऱ्यातला चौकोन धरून खाली ओढलं आणि नावाच्या शेवटी आकडा असला, तर 'रोड-१' च्या खाली 'रोड-२', 'रोड-३' अशी मोजदाद सुरू होते. पस्तीस कोड, पस्तीस नव्या लेयर. ड्रॉइंग उघडल्यावर ड्राफ्ट्समन विचारेल हे काय. ओढायचंच असेल तर कंट्रोल धरून ओढा, किंवा कंट्रोल-डीची सवय लावा.

शोधा-बदला वापरताना 'पूर्ण सेल' ची अट लावा. नाहीतर 'टीआर' चं 'ट्री' करताना 'एसटीआर' मधलाही टीआर बदलतो. एक्सेलमध्ये तर ताऱ्याचं चिन्ह (*) म्हणजे 'काहीही'. कोडांमागचे तारे काढायला म्हणून कुणी शोधात * टाकून 'रिप्लेस ऑल' दाबलं, तर अख्खा रकाना कोरा होतो. तिथे ~* लिहावं लागतं. कॅल्कमध्ये शोधाच्या खिडकीत वाइल्डकार्डचा वेगळा पर्याय आहे, तो बंद ठेवला की तारा हा तारा राहतो.

दुहेरी कोड शोधण्यात बहुतेक जण फसतात. काउंटिफ (अटीत बसणाऱ्या सेल मोजणारं फंक्शन) लावायचं, एकापेक्षा जास्त आले की लाल, हे सगळ्यांना येतं. पण काउंटिफला लहान-मोठी अक्षरं सारखीच वाटतात. एक्सेलमध्ये ०१२ आणि १२ हे मजकूर असले तरी ते एकच मोजतं. 'ट्री*' असा कोड असेल तर ट्री१, ट्री२ सगळे त्याचेच भाऊ धरतं. सिव्हिल थ्रीडीच्या डिस्क्रिप्शन कींमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो, तारा आणि # यांना वाइल्डकार्डचा अर्थ असतो. म्हणजे काउंटिफ ज्यांना एक म्हणतं ते तिथे दोन असतात. खात्री हवी तर एक्झॅक्ट हे फंक्शन समप्रॉडक्टच्या आत घाला: पूर्ण रकान्यातल्या प्रत्येक कोडाची या ओळीतल्या कोडाशी अक्षरशः तुलना आणि जुळलेल्यांची बेरीज. बेरीज एकापेक्षा जास्त आली तरच ती खरी दुहेरी नोंद. अडीचशे ओळींना हे सूत्र क्षणात चालतं.

शेजारी आणखी दोन-तीन रकाने काढून ठेवावेत, हे पैसे वसूल करून देतात (कॅल्क फुकट असलं तरी).

एक, लेन, म्हणजे अक्षरांची मोजणी. लायका कंपनीच्या यंत्रांच्या जीएसआय-८ या फाइल प्रकारात एका शब्दाला आठ अक्षरं मिळतात, जीएसआय-१६ मध्ये सोळा. 'सीएचएएमबीईआरएसटीएम' असा दहा अक्षरी कोड आठच्या चौकटीत गेला की शेपूट तुटतं, आणि सांडपाण्याचं व पावसाच्या पाण्याचं चेंबर एकच होऊन बसतं. जिथे मर्यादा ओलांडली ती ओळ लाल करा.

दोन, शेवटची रिकामी जागा. 'ईपी' आणि 'ईपी ' पडद्यावर सारखे दिसतात, सॉफ्टवेअरला वेगळे. ट्रिम लावल्यावर अक्षरसंख्या कमी झाली तर तिथे जागा होती. कोड वेबपानावरून किंवा पीडीएफमधून चिकटवलेले असतील तर 'न तुटणारी जागा' येते, ती ट्रिमला दिसतच नाही. तिचा क्रमांक १६०. सबस्टिट्यूटने ती आधी साध्या जागेत बदला, मग ट्रिम.

तीन, लेयरच्या नावात ऑटोकॅडला न चालणारी चिन्हं. < > / \ " : ; ? * | , = ` यांतलं काहीही लेयरच्या नावात चालत नाही. आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे 'हद्द/बांध' असं लेयरचं नाव. तिथे जोडरेघ द्या.

शून्य आणि ओ, एक आणि आय यांच्यासाठी सूत्र लिहीत बसू नका. अख्ख्या शीटला कन्सोलाससारखा एकसारख्या रुंदीचा फाँट लावा. त्यात शून्याच्या पोटात रेघ असते, चूक लगेच डोळ्यात भरते.

टायपिंग सुरू करण्याआधी ऑटोकरेक्ट आणि ऑटोइनपुट दोन्ही बंद करा. ऑटोइनपुट वरच्या ओळीतला शब्द स्वतःहून पूर्ण करतं. वर 'ईपीजी' असेल तर तुम्ही 'ईपी' लिहून एंटर दाबलं की खालीही 'ईपीजी'. ऑटोकरेक्ट कंसातल्या सीचं कॉपीराइट चिन्ह करतं, आणि ते चिन्ह कंट्रोलरवर चौकोन होऊन अवतरतं.

फील्डचा डेटा तपासायला सुद्धा

कोड फाइल सुधारणं हा निम्मा फायदा. उरलेला निम्मा म्हणजे दिवसाचा डेटा याच शीटवर ताडून पाहणं, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. यंत्रातून निघणारी फाइल बहुधा पॉइंट क्रमांक, नॉर्दिंग आणि ईस्टिंग (उत्तरेचा आणि पूर्वेचा निर्देशांक), उंची, वर्णन अशी पाच रकान्यांची. ती वेगळ्या शीटवर आणा, अर्थात सगळे रकाने टेक्स्ट म्हणून. वर्णनात कोडासोबत रेषेची सूचनाही असते, 'ईपी बी' म्हणजे कडेची रेषा इथून सुरू. म्हणून आधी पहिल्या जागेपर्यंतचा तुकडा काढावा लागतो. लेफ्ट आणि फाइंड यांनी ते होतं, पण एक खुबी आहे: फाइंडला वर्णन देताना त्याच्या शेवटी एक जागा जोडून द्या. नाहीतर ज्या वर्णनात जागाच नाही तिथे सूत्र चूक देतं, आणि त्याच ओळी बहुसंख्य असतात.

मग तो तुकडा मॅचने कोड यादीत शोधा. न सापडलेले वेगळे गाळा. 'इपी', 'ईपीपी', 'पीई' अशी बोटांची घसरण एका नजरेत दिसते, आणि ती दुसऱ्या दिवशी साइटवर जायच्या आत दिसते. लिब्रेऑफिस २४.८ पासून एक्सलुकअप, फिल्टर आणि युनिक ही फंक्शन्स कॅल्कमध्ये आली आहेत, त्यामुळे 'यादीत नसलेले सगळे कोड, प्रत्येक एकदाच' असा तक्ता एका सूत्रात निघतो. जुनी आवृत्ती असेल तर पिव्होट टेबलानेही भागतं.

हा डेटा परत सीएसव्हीत काढायची वेळ आलीच तर पुढचा भाग नीट वाचा. निर्देशांकांच्या बाबतीत चुकलं तर कोडासारखी साधी दुरुस्ती नसते.

सेव्ह करताना

कंट्रोल-एस दाबून मोकळं होऊ नका. 'सेव्ह अॅज' मध्ये 'एडिट फिल्टर सेटिंग्ज' टिक करा, म्हणजे कॅल्क दुसरी खिडकी उघडतं. कॅरेक्टर सेट यूटीएफ-८, डिलिमिटर मूळ फाइलचाच. 'कोट ऑल टेक्स्ट सेल्स' बंद. हे चालू राहिलं तर प्रत्येक कोडाभोवती अवतरण चिन्हं येतात आणि बरीच यंत्रं ती कोडाचाच भाग समजतात.

'सेव्ह सेल कंटेंट अॅज शोन' म्हणजे पडद्यावर दिसतं तसं लिहायचं. रकाने टेक्स्ट असतील तर फरक पडत नाही. पण एखादा रकाना संख्या राहिला आणि दोनच दशांश दाखवत असेल, तर फाइलमध्येही दोनच जातात. चिन्हाचा ०.१२५ आकार ०.१३ होतो. एक्सेल सीएसव्ही लिहिताना नेहमीच दिसतं तेच लिहितं, त्याला पर्याय विचारत नाही. निर्देशांकाच्या फाइलमध्ये याच मार्गाने मिलिमीटर उडतात.

अवतरण चिन्हांचा दुसरा त्रास इंचाचा. ६" पाइप असं वर्णन असेल तर सीएसव्हीच्या नियमाने इंचाचं चिन्ह दुप्पट होतं आणि भोवती आणखी एक जोडी बसते. यंत्र गोंधळतं. वर्णनात इंच आणि स्वल्पविराम दोन्ही ठेवूच नका, '१५० मिमी पाइप' लिहा.

मराठी वर्णनांबद्दल. एक्सेलमधला साधा 'सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड' निवडला तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते आणि ती परत फिरवता येत नाही. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडला तर मराठी वाचतं, पण फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटतात, ज्याला बीओएम म्हणतात. परिणाम मजेशीर: फक्त पहिला कोड यंत्राला सापडत नाही, बाकी सगळे ठीक. लोक त्या एका कोडावर डोकं आपटत बसतात. नोटपॅड++ मध्ये खाली उजव्या कोपऱ्यात 'यूटीएफ-८-बीओएम' दिसलं तर एन्कोडिंगच्या मेन्यूतून साधं यूटीएफ-८ करा. कॅल्क यूटीएफ-८ लिहिताना बीओएम सहसा घालत नाही, हा त्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा. तरी जुन्या यंत्रांचे फाँट देवनागरी दाखवत नाहीत, म्हणून यंत्रात जाणारी फाइल रोमनच ठेवावी आणि मराठी अर्थ ऑफिसच्या मूळ शीटवर.

मूळ शीट म्हणजे ओडीएस या कॅल्कच्या स्वतःच्या प्रकारातली एक फाइल, तिच्यात मराठी अर्थ, शेरे, कोड कधी बदलला, सगळं. दुसऱ्या शीटवर फक्त यंत्राला हवे तेवढे रकाने, पहिल्याकडून सूत्राने ओढलेले. सीएसव्हीत जी शीट समोर उघडी आहे तेवढीच जाते, त्यामुळे सेव्ह करताना निर्यातीची शीट पुढे हवी. या पद्धतीत एक खड्डा आहे. मूळ सेल रिकामी असेल तर तिकडे बोट दाखवणारं सूत्र शून्य देतं. चिन्ह नसलेल्या प्रत्येक कोडाला मग '०' नावाचं चिन्ह मिळतं आणि सॉफ्टवेअर त्या नावाचा ब्लॉक (चिन्हाचं तयार चित्र) शोधत राहतं. सूत्राच्या शेवटी &"" जोडा, शून्य जातं.

शेवटचे रिकामे रकाने हा एक्सेलचा जुना दोष. शेवटच्या रकान्यांत बरंच काही रिकामं असेल तर एक्सेल सोळा-सोळा ओळींचे गट धरून स्वल्पविराम लिहितं, आणि ज्या गटात ते रकाने पूर्ण रिकामे तिथे स्वल्पविरामही गाळतं. म्हणजे पहिल्या सोळा ओळींत सात रकाने, पुढच्या सोळांत पाच. रकाने मोजून वाचणारं सॉफ्टवेअर तिथेच थांबतं. एक्सेल वापरायचंच असेल तर शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला काहीतरी खूण भरा.

एक्सेलची बाजू

एक्सेलला सरसकट झोडपणं बरोबर नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपोआप बदल बंद करण्याची सोय दिली. ऑप्शन्समध्ये 'डेटा' खाली पुढची शून्यं काढणं, ई असलेल्या आकड्यांचं रूपांतर, अक्षर-अंक जोडून आलेल्याची तारीख करणं, हे सगळं बंद करता येतं. 'एमएआर१' आता वाचतो. ७/१२ मात्र वाचत नाही, कारण मधे रेघ आहे आणि ही सोय फक्त जोडून लिहिलेल्यासाठी. त्यासाठी 'डेटा' मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', तिथे 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स'. या वाटेने आलेल्या टेबलाला 'कॉलम१, कॉलम२' अशी शीर्षकाची ओळ चिकटते आणि सेव्ह करताना तीही फाइलमध्ये जाते. ती काढायला विसरू नका, नाहीतर 'कॉलम१' नावाचा कोड यंत्रात दिसेल. ऑफिसात सगळेच एक्सेलवर असतील तर एवढी पथ्यं पाळून काम होतं.

गूगल शीट्समध्ये 'इम्पोर्ट' करताना मजकुराचं संख्या, तारखा, सूत्रांत रूपांतर करण्याची टिक काढता येते, आणि जुन्या आवृत्त्यांचा इतिहास आपोआप राहतो. चार जण मिळून एक यादी बनवत असतील तर त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. पण टिक सगळ्या रकान्यांना एकच, आणि बाहेर काढताना सेपरेटर निवडायची मुभा नाही, स्वल्पविराम नाहीतर टॅब.

कोरी फेरी

कुठलंही स्प्रेडशीट वापरा, पहिल्यांदा एक फेरी कोरी मारा. फाइल उघडा, काही बदलू नका, सेव्ह करा, आणि विनमर्ज (दोन फायलींतला फरक दाखवणारं सॉफ्टवेअर) किंवा नोटपॅड++ च्या कम्पेअरमध्ये मूळ फाइलशी लावा. एकही ओळ वेगळी दिसता कामा नये. दिसली तर उघडण्याच्या किंवा सेव्ह करण्याच्या खिडकीत काहीतरी चुकलंय, आणि ते आता, बदल करण्याआधीच कळलं. कोरी फेरी शून्यावर आली की खरे बदल करा आणि पुन्हा लावा. बारा कोड बदलले असतील तर बाराच ओळी रंगल्या पाहिजेत. तेरावी रंगली तर तिच्याकडे बघा.

मग कंट्रोलरवर चाचणीचं नवीन जॉब करून फाइल लोड करा. यादीतला पहिला कोड, शेवटचा कोड, शून्याने सुरू होणारा एक, रेषेचा एक आणि नव्याने बदललेला एक, असे पाच पॉइंट ऑफिसच्या दारातच घ्या, ड्रॉइंगमध्ये उतरवून लेयर आणि चिन्हं बघा. जुनी कोड फाइल कंट्रोलरवरून पुसू नका. तिच्या नावात तारीख घालून ठेवा आणि नव्या यादीवर घेतलेला पहिल्या दिवसाचा डेटा ड्रॉइंगमध्ये नीट उतरेपर्यंत तिथेच राहू द्या.